एका बाकाची किंमत

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे महाराष्ट्रातल्या शाळांना कुलूप लागले आणि 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही मोहीम आली. शिक्षकांनी ती मनापासून राबवली. व्हॉट्सॲपवर स्वाध्याय येऊ लागले, दीक्षा ॲपवर धडे मिळू लागले, सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही शैक्षणिक मालिका सुरू झाली. तरीही त्या काळात नेमके काय बंद पडले होते, याचा हिशेब आपण अजून नीट मांडलेला नाही.

धडा पोचला की शिक्षण पोचले, असे आपण धरून चाललो. शाळेचे काम त्याहून मोठे असते. ऊसतोड मजुराची मुलगी आणि बागायतदाराचा मुलगा तिथे एका बाकावर बसतात. फळा दोघांचा, बाईही दोघांच्या. घराघरांतली विषमता शाळेला मिटवता येत नाही, पण दिवसाचे काही तास ती तिला दाराबाहेर थोपवते. ऑनलाइन वर्गाने ते दारच काढून टाकले. जागा, शांतता, वीज, रिचार्ज, सगळा भार घरावर आला. एकुलता फोन बाबांबरोबर कामावर गेला, तर संध्याकाळपर्यंत शाळाच नाही. आणि तो घरी आल्यावरही आधी दहावीतल्या दादाचा हक्क, मग धाकटीचा.

'असर' या शिक्षणविषयक पाहणीनुसार ग्रामीण भारतात शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते. २०२० मध्ये ते ६१.८ टक्के झाले. मात्र दुसरीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतली मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, ती २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर आली. याचे नवल वाटू नये. वाचायला शिकणारे मूल कुठे अडले, हे बाईंना त्याच्या चेहऱ्यावरून कळते. पडद्यापलीकडे अडलेले मूल गप्प राहते आणि धडा पुढे जातो.

सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी कामगार वस्तीतल्या घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. फोन नसलेले मूल डोळ्यांसमोर ठेवून तो उपाय शोधला होता, म्हणून तो फोन असलेल्यांनाही उपयोगी पडला.

तंत्रज्ञान शाळेत राहणार आहे आणि राहावे. पण पुन्हा साथ आली, पूर आला, तर पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे: ज्या घरात फोन नाही, तिथे उद्या सकाळी कोण जाणार? त्याचे उत्तर ठरल्याशिवाय शिक्षण सुरू आहे, असे सरकारने म्हणू नये आणि आपणही ते मान्य करू नये.