मडके कच्चे निघाले

सज्जनहो, यात्रा म्हटली की तयारी आलीच. परंतु तयारीच्या धांदलीत यात्रेचा जीवच कसा हातून निसटतो, हे आम्ही नुकतेच स्वतःवरून शिकलो. सांगताना लाज वाटते, तरी सांगतो. आपली चूक झाकून दुसऱ्यास उपदेश करणे माळकऱ्याला शोभत नाही.

जव्हार आणि मोखाडा या दोन्ही तालुक्यांत आगगाडी नाही. गाडी धरायची तर खाली पालघर-डहाणूकडे उतरावे, नाहीतर घाट चढून नाशिकच्या अंगाला जावे. आम्हां वावरच्या मंडळींना त्र्यंबकेश्वर त्यातल्या त्यात जवळ. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला आम्ही पायी जातो. पंढरीची वारीही घडते. पण नामदेवरायांचे घुमान एकदा डोळ्यांनी पाहावे, ही इच्छा मनात घर करून होती.

घुमान पंजाबात, गुरुदासपूर जिल्ह्यात. नामदेवरायांनी (१२७०–१३५०) तिकडे जाऊन नामाचा गजर केला. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत. २०१५ साली तेथे मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा आमच्या मंडळींनी घुमानचे नाव ऐकले आणि ते मनात धरले. मग पैपैसा साठवणे सुरू झाले. कोणी नागली-वरई विकली, कोणी मोहाची फुले वेचली, कोणी दिवाळीनंतर वीटभट्टीवर राबले. अकरा जणांची दोन तिकिटे नाशिकरोडच्या खिडकीवर काढली. एका तिकिटावर सहाच नावे चढतात, म्हणून दोन. मनमाडहून सचखंड एक्स्प्रेस, ती थेट अमृतसरला नेते. तिकिटे आमच्या हवाली झाली.

निघण्याला दहा दिवस असताना देवळात मंडळी जमली. तिकिटांवर आपले नाव खरेच आहे का, हे म्हाताऱ्याकोताऱ्यांना ऐकायचे होते. आमच्यात एक तरुण माळकरी. शाळा शिकलेला, पण उचल घेऊन भट्टीवर जाणारा. घुमानसाठी शेठकडून चार दिवस मागून तो आला होता. त्याने दोन्ही तिकिटे हाती धरून एकेक नाव मोठ्याने वाचले. स्वतःचे नाव ऐकताच एक आजी मुलीसारखी लाजली.

पुढे निघण्याच्या आदल्या दिवशी पाहतो, तर पत्र्याच्या पेटीत तिकिटे नाहीत! पेटी उपसली, वळकट्या सोडल्या, टाळांच्या पिशव्या झाडल्या, पिठाच्या डब्यातही हात घातला. तिकिटे नाहीत. खिडकीवरचे कागदी तिकीट असे की ते जवळच हवे. मोबाइलवरचा निरोप दाखवून चालत नाही. अशा वेळी कोणीतरी हळूच बोलले, ‘शेवटी त्याच्याच हातात होती की.’

वाचकहो, आम्ही होय म्हटले नाही. पण नाही, असेही म्हटले नाही. खाली मान घालून गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचा जो अर्थ व्हायचा तो मंडळींनी केला, आणि त्यानेही केला.

रेल्वेची सोय अशी आहे की निश्चित आरक्षणाचे तिकीट हरवले, तर गाडीचा तक्ता तयार होण्याआधी अर्ज द्यावा. शयनयान वर्गासाठी ५० रुपये शुल्क भरून दुसरी प्रत मिळते. तक्ता झाल्यावर गेले तर निम्मे भाडे पडते. अर्ज घेऊन नाशिकरोडला जाण्याची आमची तयारी चालली होती, तोच तो तरुण आला. मजुरीच्या पैशांतून शुल्काची आणि जाण्यायेण्याच्या खर्चाची रक्कम त्याने देवळाच्या पायरीवर ठेवली. ‘बुवा, माझी जागा राहू द्या,’ एवढेच बोलला आणि भट्टीवर निघून गेला. मागे मंडळी म्हणाली, ‘घेतली नसती तर पैसे कशाला भरले असते?’ आम्ही तेही ऐकून घेतले. पैसेही घेतले.

प्रती मिळाल्या. दहा जण गाडीत बसलो. एक जागा रिकामी. भुसावळ मागे पडले. हरिपाठ झाला आणि आम्ही ज्ञानेश्वरी उघडली. दोन्ही तिकिटे तेथे होती! देवळात नावे वाचून झाल्यावर त्याने ती आमच्याच हाती दिली होती, आणि आम्हीच ती त्या दिवशीच्या ओवीपाशी खूण म्हणून घातली होती. रोज पंचवीस ओव्या वाचण्याचा आमचा नेम. हरिपाठ तोंडपाठ, म्हणून तो चालू राहिला. पण पोथी दहा दिवस उघडलीच नव्हती. का? तर यात्रेची तयारी होती! नेम मोडला नसता तर तिकिटे दुसऱ्याच दिवशी सापडली असती. हरवला होता नेम. आम्ही शोधीत होतो कागद, आणि चोर ठरवला निर्मळ माणूस.

रेल्वेचा आणखी एक नियम आहे. मूळ तिकीट गाडी सुटण्यापूर्वी सापडले आणि प्रतीसह दाखवले, तर भरलेले शुल्क थोडी कपात करून परत मिळते. गाडी सुटल्यावर सापडले, तर नाही. आमची गाडी सुटली होती.

घुमानला नामदेवरायांपुढे उभे राहिलो, पण मान वर होईना. गोरोबाकाकांची कथा आपण सर्व जाणता. संतांच्या मेळ्यात त्यांनी थापटणे घेऊन एकेकाचे मस्तक थापटले. नामदेवराय रागावले, आणि हे मडके कच्चे, असा निवाडा झाला. प्रत्यक्ष देवाशी बोलणारा भक्त, त्यालाही विसोबा खेचरांकडे जावे लागले. ते गेले, म्हणून पक्के झाले. पुढे पंढरीला महाद्वारी त्यांनी संतांच्या पायधुळीसाठी पायरीची जागा घेतली. आम्हांला तर थापटण्याचीही गरज पडली नाही. दोन कागद हरवले, तेवढ्यानेच आमचे मडके वाजले.

परत आल्यावर घरी न जाता आधी भट्टीवर गेलो. तो मातीत उभा होता. सगळे सांगितले, पैसे पुढे केले, पाया पडू लागलो. त्याने चिखलाच्या हातांनीच आम्हांला धरले. ‘पैसे का ठेवलेस रे?’ म्हणून विचारले. म्हणाला, ‘आजीचं नाव मीच वाचलं होतं ना, बुवा. तिची यात्रा चुकायला नको होती.’ मग थोड्या वेळाने म्हणाला, ‘तुम्ही तेव्हा एक शब्द बोलायला पाहिजे होता.’ त्याने क्षमा केली. पण तो शब्द आता कोठून आणावा? त्या रात्री देवळात सर्वांसमक्ष आम्ही आमची चूक कबूल केली. नामदेवरायांचे दर्शन मात्र त्याचे राहिले ते राहिलेच.

म्हणून बांधवांनो, एवढेच मागणे आहे. यात्रेच्या तयारीसाठी नेम मोडू नका. नेम हीच तयारी आहे. वस्तू हरवली तर आधी आपली पोथी उघडा, मग दुसऱ्याची झोळी पाहा. आणि चौघांत कोणावर बोट उठले, तर गप्प बसू नका. निंदा करणारा एकदाच बोलतो. ऐकून गप्प बसणारा ती खरी करतो. देहाची गाडी अजून सुटलेली नाही, तोवर जे कोणाचे परत द्यायचे असेल, ते देऊन टाकावे.

रामकृष्णहरि.