न धुतलेले हात



१८४७ साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात वैद्यकीय विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणींना तपासायला जात. कितीतरी माता तापाने दगावत. सुइणींच्या वॉर्डात मात्र खूप कमी. डॉ. सेमेलवाइस यांनी क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले, मृत्यू झपाट्याने घटले. अजाणता घडले त्याला आम्ही पाप म्हणत नाही. पण आकडे पाहूनही ज्या वरिष्ठांनी मानले नाही, त्यांचे काय? प्रभूने परुश्यांना सुनावले ते मनातल्या घाणीबद्दल. त्या वचनाची आळसाला ढाल नको.

होस्टेलवरच्या आपल्या मुलांना जंतू शाळेपासून ठाऊक आहेत. शौचाहून आल्यावर न धुतलेला हात सर्वांच्या डब्यात गेला, तर कावीळ शेजारच्याला होऊ शकते. सदसद्विवेक तपासताना आम्हांला चोरी, खोटेपणा आठवतो. हे आठवत नाही.