वाटाण्याचा वेल आणि बाबांची एफडी

रे रोडच्या दारूखान्यात जुनी जहाजं तोडतात. बाबा तिथल्याच एका भंगाराच्या गोदामात हिशेब लिहितात. मला अ‍ॅनिमेशन शिकायचंय. खासगी कोर्सची फी भरायची तर त्यांची एफडी मोडावी लागेल. "मोडू," बाबा एवढंच म्हणाले. तेव्हापासून मला नीट झोप नाही. माझ्या आवडीची किंमत दुसऱ्याने का मोजावी?

दादासाहेब फाळके आठवले. सिनेमासाठी पैसे हवे होते, म्हणून १९१२ मध्ये त्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि त्याची वाढ महिनाभर टिपली. पडद्यावर वेल झरझर वाढला आणि यशवंतराव नाडकर्णी कर्ज द्यायला तयार झाले. आधी दाखवलं, मग मागितलं. तरी हिशेब तिथे मिटत नाही. सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडलेच.

'पॅशन फॉलो कर' म्हणणारे हे दागिने मोजत नाहीत. आवड आहे म्हणून हक्क मिळत नाही. पण बाबांनी आपणहून दिलेलं झिडकारणं, हाही त्यांचा अपमानच. मग माझ्या हातात काय उरतं? घेण्याआधी स्वतःला तपासणं. सॉफ्टवेअर दर काही वर्षांनी बदलतं. हालचाल बघायची नजर आणि चिकाटी कुठल्याच फीमध्ये येत नाही.

म्हणून बाबांकडून मूठभर नट-बोल्ट मागून घेतलेत. ते जरा जरा सरकवत फोनवर रोज बारा फोटो, म्हणजे अ‍ॅनिमेशनचा एक सेकंद. महिन्याने अर्धं मिनिट होईल.

कंटाळलो नाही, तर एफडीचं बोलू.