तुटलेले हात

बडनेऱ्याहून मुंबईकडे निघालेली गाडी मूर्तिजापूर, अकोला मागे टाकून शेगावला थांबते आणि गजानन महाराजांचे भक्त उतरून जातात. फेब्रुवारीत मात्र त्याच डब्यात काही माणसं बसून राहतात. त्यांना नाशिकरोड गाठायचं असतं. तिथं महिन्याच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी बाळ येशूची यात्रा भरते, आणि गर्दीत ख्रिस्ती नसलेलेही पुष्कळ असतात. नवस फेडायला जाणाऱ्याला कोण जात विचारतो?

नाशिकरोडची मूर्ती ज्या मूर्तीची प्रत, ती प्रागची. उंची जेमतेम 47 सेंटिमीटर, लाकडावर मेण चढवलेलं, मूळ स्पेनचं. 1628 साली पोलिक्सेना लोब्कोविच या सरदारीणबाईंनी ती कार्मेलाइट साधूंच्या स्वाधीन केली. तीनच वर्षांनी सॅक्सनीची फौज शहरात घुसली, साधू पांगले आणि बाळ वेदीमागच्या केरकचऱ्यात जाऊन पडलं. 1637 मध्ये फादर सिरिल यांना ते सापडलं, तेव्हा त्याचे हात तुटलेले होते. आख्यायिका म्हणते, बाळानंच फादरकडे आपले हात परत मागितले.

वांद्र्याच्या मोत माउलीची, म्हणजे मरियेची, कथाही फार वेगळी नाही. ('मोत' म्हणजे माउंट, 'माउली' मात्र अस्सल आपली, आळंदी-पंढरीची.) सोळाव्या शतकात जेझुइटांनी आणलेल्या या मूर्तीचा उजवा हात 1700 मध्ये अरब चाच्यांनी तोडला. पुढं एका कोळ्याला स्वप्न पडलं आणि मूर्ती समुद्रात सापडली, असं सांगतात. कोळ्यांना ही माउली आपली वाटते. 1954 मध्ये चर्चला बॅसिलिकाचा दर्जा मिळाला, पण जत्रेला त्याची वाट पाहावी लागली नव्हती.

इथं वऱ्हाडी वाचक अडखळेल. आपल्याकडे खंडित मूर्ती पुजत नाहीत, तिचं विसर्जन करतात. प्राणप्रतिष्ठा झालेलं शरीर भंगलं की त्यात देव राहत नाही, ही त्यामागची समजूत. स्वयंभू तांदळ्याची गोष्ट निराळी. माहूरच्या रेणुकेचं तर मुखच पुजलं जातं, हातांचा प्रश्नच नाही. कॅथलिक शास्त्र दुसऱ्या टोकाला उभं आहे. 787 मध्ये निकेआच्या आणि 1563 मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं ठरवलं की मूर्तीत देवत्व नसतं. तिला दिलेला मान तिच्यामागच्या मूळ व्यक्तीला पोचतो. म्हणून सुतार बोलवावा, हात जोडून घ्यावा, पूजा चालू ठेवावी. मूर्तीत प्राण नाही, म्हणूनच ती मरत नाही.

शास्त्र इतकं नीटनेटकं असलं तरी त्यानं दुरुस्तीचा उलगडा होतो, रेल्वेच्या तिकिटाचा होत नाही. मान कुठूनही पोचत असेल, तर घरातलं कॅलेंडर सोडून चारशेहून अधिक किलोमीटर कशाला जायचं? भक्ताला ही मूर्ती आणि ती मूर्ती यांत फरक वाटतो, परिषदेनं काहीही ठरवो. या बाबतीत वांद्र्याचा कॅथलिक आणि शेगावचा वारकरी एकाच डब्यातले. पोर्तुगीजांनाही तो फरक कळत होता. ज्या शतकात त्यांच्या जहाजांतून मरियेच्या मूर्ती आल्या, त्याच शतकात त्यांच्या राज्यात देवळं पडली, आणि गोव्यातल्या कुठ्ठाळीच्या मंगेशाला भक्तांनी नदीपार प्रियोळला नेलं.

वऱ्हाडात कॅथलिक धर्म उशिरा आणि दुसऱ्या वाटेनं आला: नागपूरकडून, फ्रान्सच्या आनसीहून आलेल्या फादरांबरोबर. अमरावतीचा धर्मप्रांत झाला 1955 मध्ये. चिखलदऱ्याजवळ मरियमपूर नावाचं गाव आहे, पण समुद्रातून वर आलेली मूर्ती वऱ्हाडाच्या वाट्याला कुठून येणार? इथली भक्ती प्रतींवर पोसली: छापील तसबिरी, प्लास्टरच्या मूर्ती. त्यात कमीपणा काही नाही. नाशिकरोडचं बाळही प्रतच आहे.

वांद्र्याला 8 सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा असते. आपल्याकडे देवीला चांदीचे डोळे वाहतात, तसे तिथं मेणाचे हात, पाय, घरं, हल्ली विमानंही मिळतात. हात दुखणारा मेणाचा हात वाहतो, आणि तो जिच्यापुढे ठेवतो तिचाच हात एकदा तुटलेला.

अमरावतीचं कॅथेड्रल संत फ्रान्सिस झेवियरच्या नावाचं आहे. त्याचं शरीर जुन्या गोव्यात आहे. उजवा हात 1614 मध्ये कापून रोमला नेला, तो तिथल्या जेझू चर्चमध्ये ठेवलेला आहे.