अरदास आणि बोकड

सगळ्या जिवांचे भले मागणारी प्रार्थना आणि बोकडाचा बळी, हे दोन्ही बंजारा तांड्याच्या धर्मजीवनात पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत आले आहेत. यवतमाळ जिल्ह्यात पुसद, दिग्रस, दारव्हा, आर्णी, महागाव या तालुक्यांत गोर बंजाऱ्यांची मोठी वस्ती आहे. जीव घेऊन देव प्रसन्न होतो का, हा प्रश्न तिथे पोथीतला नाही, घरातला आहे.

तांड्यातल्या पूजेला मूर्ती लागतेच असे नाही. जमिनीवर निखारे मांडून त्यांवर तूप आणि गोड अन्न सोडतात. याला भोग लावणे म्हणतात. धूर उठला की जमलेले हात जोडतात आणि एखादा जाणता अरदास म्हणतो. तीत किडा-मुंगी, गाई-गुरे, लेकरेबाळे, सारा तांडा यांचे कुशल मागितलेले असते. दिवाळीत पितरांच्या नावानेही विस्तवात घास सोडतात, तो धबुकार. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरणाऱ्या लोकांना देऊळ सोबत नेणे शक्य नव्हते. विस्तव कुठेही पेटवता येत होता.

बंजाऱ्यांचे संत सेवालाल महाराज यांचा जन्म 15 फेब्रुवारी 1739 रोजी झाल्याचे मानले जाते. तांड्यात त्यांचा झेंडा पांढरा आणि देवीचा तांबडा. महाराजांना गोडाचाच भोग. देवीला मात्र बोकड. लोककथांत सेवालाल देवीचे भक्त व्हायला प्रथम राजी नसतात, देवी कोपून त्यांची गुरे मारते, आणि अखेर ते तिला मानतात. या कथेत प्रश्न सुटत नाही, त्याची वाटणी होते.

बळीमागे भीती होती आणि ती खरी होती. गुरांत साथ शिरली की लदेणी, म्हणजे बैलांवरची मालवाहतूक, बसे आणि तांडा उपाशी मरे. एक जीव देऊन बाकीचे वाचवावेत, हा त्या काळचा हिशेब होता. शिवाय बळीचे मटण तांड्यात वाटले जाते आणि त्या वाटपातून नाती जपली जातात, असे बळीची बाजू घेणारे सांगतात. हे म्हणणे उडवून लावण्याजोगे नाही. पण ते जेवणाचे समर्थन आहे, बळीचे नव्हे. पंगत गोडाचीही होऊ शकते.

रेल्वे आली आणि लदेणी संपली. 1871 च्या कायद्याने अनेक भटक्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. तांडे शेतीवर, पुढे ऊसतोडीवर आले. गुरांच्या साथीला आज लस आहे. बोकडाचा नवस मात्र राहिला. वऱ्हाडात गाडगेबाबांनी पशुबळीवर जन्मभर कोरडे ओढले, पण तांड्याला त्याविरुद्धचा सर्वांत भक्कम आधार बाहेरून आणावा लागत नाही. मुंगीचे भले मागणाऱ्या अरदाशीत बोकडाला वगळायला जागाच नाही. देवीवरची श्रद्धा न सोडता बळी सोडता येतो, कारण तसे करणारा स्वतःच्याच प्रार्थनेला धरून वागतो.

दिग्रसपासून जवळ, वाशीम जिल्ह्यातल्या पोहरादेवीला रामनवमीच्या यात्रेत लाखो बंजारे येतात. त्यांतल्या कित्येकांच्या घरांत आता देवीलाही गोडाचाच भोग लागतो.