रक्तात सुटलेली ओळख

किडनी रोपणानंतर काही आठवड्यांनी रुग्णाला ताप येतो, किडनी मंदावल्याची खूण असलेले क्रिएटिनिन रक्तात चढते. शरीर नवी किडनी नाकारत असेल, तर प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे वाढवावी लागतात. सायटोमेगॅलो विषाणूने डोके वर काढले असेल, तर तीच औषधे बहुधा कमी करावी लागतात. निदान चुकले तर किडनी गमवावी लागते, कधी जीवही.

१९८५ मध्ये एक आशादायक गोष्ट कळली. चेतलेल्या टी पेशी आपल्या अंगावरचा इंटरल्युकिन-२ रिसेप्टर भोवतालच्या द्रवात सोडतात आणि तो रक्तात मोजता येतो. सुई खुपसून किडनीचा तुकडा न काढताच आतली हालचाल समजेल, असे वाटणे स्वाभाविक होते. पण हे प्रमाण नाकारण्याच्या वेळी वाढते, तसेच विषाणूच्या संसर्गातही वाढते. रक्तातल्या बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन या प्रथिनाची तीच कथा; शिवाय ते किडनीवाटे गाळले जात असल्याने, किडनी मंदावली की नुसते साचूनही वाढते. आकडा शरीर जागे झाल्याचे सांगतो. कोणाच्या चाहुलीने, ते सांगत नाही.

ही उणीव केवळ चाचणीची आहे, असे मला वाटत नाही; तिचे मूळ शरीराच्या रचनेतच आहे. दुसऱ्याची त्वचा किंवा किडनी ज्यांमुळे परकी ठरते, ते एचएलए रेणू मुळात कशासाठी आहेत? १९७४ मध्ये कॅनबेरात पीटर डोहर्टी आणि रॉल्फ झिंकरनागेल यांनी उंदरांवर दाखवले, की मारक टी पेशी एकट्या विषाणूला ओळखत नाहीत. स्वतःच्या ओळखरेणूसोबत दिसला, तरच ओळखतात. उंदरांतले ते रेणू म्हणजे आपल्या एचएलएचेच भाऊबंद. ते आहेत विषाणूची वर्दी देण्यासाठी. रोपण ही काही दशकांपूर्वीची गोष्ट. विषाणूंशी झुंज अनादी. दात्याने प्रेमाने दिलेल्या अवयवासाठी शरीराकडे वेगळी यंत्रणा असणार तरी कुठून?

सायटोमेगॅलो विषाणू तर या यंत्रणेचा मुरलेला जाणकार. तो पेशीतले एचएलए रेणू पृष्ठभागावर पोचण्याआधीच नष्ट करवतो आणि त्यांच्यासारखा दिसणारा आपला एक प्रथिनरेणू, यूएल-१८, तयार करतो.

मात्र रक्तात सुटलेले सारेच रेणू खळबळीची खूण नसतात. निरोगी माणसाच्या रक्तातही विद्राव्य एचएलए असते, हे १९७० मध्येच दिसले होते. अर्ध्या परक्या गर्भाला आईचे शरीर कसे सांभाळते, हा पीटर मेडावार यांनी १९५३ मध्ये विचारलेला प्रश्न. त्याच्या उत्तराचा एक भाग वारेच्या पेशींवरील एचएलए-जी या रेणूत सापडतो. तो मारक पेशींना आवरतो. हृदयरोपण झालेल्या ज्या रुग्णांच्या रक्तात तो विद्राव्य रूपात आढळला, त्यांच्यात नाकारण्याचे प्रसंग कमी दिसले. वाढलेला आकडा इथे दिलासा देणारा. म्हणून कोणता रेणू वाढला हे न विचारता नुसत्या वाढीला घाबरणे मला अपुरे वाटते.

रक्तात सुटलेल्या रेणूंचे यकृतातले उदाहरण मला सर्वांत विलक्षण वाटते. यकृतरोपणानंतर दात्याचे एचएलए रेणू ग्रहण करणाऱ्याच्या रक्तात वाहू लागतात. नवे यकृतच ते स्रवत असते आणि चाचणीत दोघांचे रेणू वेगवेगळे ओळखता येतात.