अनोळखी नाव, वरचा क्रमांक

लखनौहून हरदोईच्या रस्त्याने पंचवीसेक किलोमीटर गेले की मलिहाबाद लागते. दशहरी आंब्याचा हा मुलूख. इथल्या दशहरीला २००९-१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आमरायांच्या कडेने रोपवाटिका आहेत आणि तिथून कलमे दूरदूर जातात. कलम विकत घेणाऱ्याची अडचण मलिहाबादेत आणि देवगडात एकच असते. हातभर रोपाकडे पाहून त्यावरची काडी खरोखर दशहरीची, हापूसची की कुठल्याशा रायवळाची, हे साध्या माणसाला सांगता येत नाही. फळ दिसायला चार-पाच वर्षे जातात आणि तोवर खड्डा, शेणखत, पाणी, राखण असा सगळा खर्च होऊन गेलेला असतो. म्हणून जाणता बागायतदार रोपवाटिकेच्या पाटीवर विसंबत नाही. काडी कोणत्या झाडाची, हे तो विचारतो आणि जमल्यास तो मातृवृक्ष डोळ्यांनी पाहून येतो. पदवीचेही असेच आहे. तिला काय फळ धरते ते कळायला चार वर्षे लागतात आणि पैसे आधी द्यावे लागतात.

दशहरी उतरू लागते त्याच जून महिन्यात घरोघरी प्रवेशाचा विषय निघतो. मलिहाबादच्या एखाद्या बागवानाची मुलगी डोळ्यांसमोर आणावी. बारावी झाली आहे, फलोत्पादन शिकायचे आहे, घरात पदवीपर्यंत पोहोचणारी ती पहिलीच. लखनौ विद्यापीठ १९२० सालचे, त्याचे नाव सगळ्यांना ठाऊक. पण तिने यादीत दुसरेच एक नाव पाहिले आहे. विद्यापीठ परराज्यातले, स्थापना अलीकडची, क्रमांक मात्र नामांकितांच्या पंक्तीतला. अब्बू विचारतात, ‘नाव तरी ऐकलंय का कुणी?’ मुलगी मोबाइलवर यादी पुढे करते. देवगडच्या ओटीवर बाबा हाच प्रश्न विचारतात आणि मुलगी हीच यादी दाखवते. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण वडील गावात काय बोलले जाते त्यावरून ठरवत आहेत आणि मुलगी यादी करणाऱ्याने काय मोजले त्यावरून. विद्यापीठाकडे अजून दोघांपैकी कुणीच पाहिलेले नाही.

यादी कशी होते ते आधी समजून घेऊ. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीची पहिली यादी २०१६ मध्ये आली. विद्यापीठांच्या यादीत शंभरांपैकी ३० गुण अध्यापन आणि साधनसामग्रीला, ३० संशोधनाला, २० विद्यार्थ्यांच्या निकालांना, १० समावेशकतेला आणि उरलेले १० लौकिकाला असतात. म्हणजे इतर प्राध्यापक आणि नोकरी देणारे त्या संस्थेविषयी काय समजतात, याला. बरीचशी माहिती संस्थाच भरून पाठवतात. यात शिकवणे कसे आहे हे थेट पाहणारे कुणी नसते. शिक्षक किती, त्यांच्या पदव्या कोणत्या, ग्रंथालयावर खर्च किती, हे मोजता येते म्हणून मोजले जाते. वर्गात फळ्यासमोर उभा राहिलेला माणूस काय करतो, ते मोजायला आकडा नाही.

लौकिकाच्या त्या १० गुणांकडे मात्र मुद्दाम पाहावे. प्रसिद्धी हीदेखील क्रमांकाच्या बेरजेतच आहे. अप्रसिद्ध विद्यापीठ वर आले असेल, तर लौकिकाच्या रकान्यात मागे पडूनही ते बाकीच्या रकान्यांच्या जोरावर वर आले असण्याचा संभव मोठा. पाचही रकान्यांचे गुण वेगवेगळे जाहीर होतात, घरबसल्या पाहता येतात. जाहिरातीत छापलेल्या एका आकड्यापेक्षा हे पाच आकडे कितीतरी जास्त बोलतात. संशोधनात भरघोस आणि निकालांत लंगडे असलेले विद्यापीठ पीएचडी करणाऱ्याला चालेल. बारावीनंतर आलेल्या मुलीला तिथे कदाचित कुणी विचारणार नाही.

संशोधनाचा आकडा किती फसवा असू शकतो, याचे उदाहरण २०१० सालचे आहे. त्या वर्षी ‘टाइम्स हायर एज्युकेशन’च्या जागतिक यादीत इजिप्तमधले अलेक्झांड्रिया विद्यापीठ १४७ व्या क्रमांकावर झळकले. संशोधनाच्या प्रभावाच्या रकान्यात तर ते जगात चौथे होते. शोध घेतल्यावर दिसले, की या उंचीचा मोठा भाग एकाच संशोधकाच्या लेखांमुळे आला होता आणि त्यांतले पुष्कळसे लेख तो स्वतः संपादक असलेल्या नियतकालिकात छापले गेले होते. अलेक्झांड्रिया हे इजिप्तमधले जुने आणि मानाचे विद्यापीठ आहे. तिथल्या हजारो विद्यार्थ्यांच्या शिकण्यात त्या एका वर्षाच्या क्रमांकाने काय फरक पडला असेल? माझ्या मते काहीच नाही, आणि या सगळ्या प्रकरणातली विचार करायला लावणारी गोष्ट मला हीच वाटते. क्रमांक वर गेला आणि खाली आला, तरी वर्ग होते तसेच राहिले.

प्रसिद्ध नावाला तरी हे लागू नाही असे कुणी समजू नये. न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ एका प्रतिष्ठित अमेरिकी यादीत दुसऱ्या क्रमांकावर होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथलेच गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी आपल्या विद्यापीठाने दिलेल्या आकड्यांची सविस्तर चिरफाड प्रसिद्ध केली. वर्गातली विद्यार्थिसंख्या, शिक्षकांच्या पदव्या, खर्च, एकेक आकडा त्यांनी तपासला. त्याच सप्टेंबरात कोलंबिया १८ व्या क्रमांकावर आले आणि काही आकडे चुकीच्या पद्धतीने दिले गेल्याचे विद्यापीठाने मान्य केले. ज्या संस्थेत आपण पगार घेतो तिचा खोटा मोठेपणा उघड करणे सोपे नसते. मला त्या गृहस्थांविषयी फार आदर वाटतो. ज्या विद्यापीठात असे बोलणारा शिक्षक टिकून राहतो, त्या विद्यापीठाचे काहीतरी खरेच मोल आहे, असेही वाटते.

शर्यतीत कोण उतरले आणि कोण नाही, हेही पाहावे लागते. एप्रिल २०२० मध्ये मुंबई, दिल्ली, मद्रास, कानपूर, खरगपूर, रुरकी आणि गुवाहाटी या सात आयआयटींनी टाइम्सच्या त्या यादीतून अंग काढून घेतले. मोजणीत पारदर्शकता नाही, ही त्यांची तक्रार होती. पुढे २०२३ च्या यादीत भारतीय संस्थांमध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या पाठोपाठ मैसूरचे जेएसएस आणि हिमाचलातल्या सोलनचे शूलिनी विद्यापीठ ३५१ ते ४०० या गटात दिसले. आपल्याकडच्या अनेक पालकांनी ही दोन्ही नावे तेव्हा पहिल्यांदा वाचली असतील. यावरून त्या संस्थांना हिणवणे अन्यायाचे होईल. त्या शर्यतीत उतरल्या, त्यांचे मोजमाप झाले, त्या वर आल्या. पण ‘आयआयटीच्याही वर’ असे कुणी आपल्याला सांगत असेल, तर त्या सात आयआयटी तिथे नव्हत्याच, हे त्याने सांगायला हवे.

आता उलट बाजू. होमी भाभा राष्ट्रीय संस्था २००५ पासून अभिमत विद्यापीठ आहे. एनआयआरएफच्या विद्यापीठांत ती वरच्या नावांत दिसत आली आहे. मुंबईतच मुख्यालय असूनही मुंबईकरांना तिचे नाव विचारले तर कितीजण सांगू शकतील? भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टाटा मेमोरियलसारख्या संस्था तिच्या छत्राखाली पदव्या देतात. कर्करोगाची शस्त्रक्रिया शिकू पाहणाऱ्या डॉक्टरला याहून चांगली जागा देशात शोधावी लागेल. बीएस्सी करायची असलेल्या मुलीला मात्र तिच्या क्रमांकाचा काही उपयोग नाही. क्रमांक खरा आहे, संस्था उत्तम आहे, आणि तरी या मुलीच्या प्रश्नाचे ते उत्तर नाही.

मलिहाबादच्या मुलीचा प्रश्न बागेतून आला आहे. दशहरी एक वर्षाआड भरते, मोहोरावर तुडतुडे येतात, भाव व्यापारी ठरवतात. तिच्या घरापासून जवळच, काकोरीकडच्या रहमानखेडा इथे केंद्रीय उपोष्ण फलोत्पादन संस्था आहे. १९७२ मध्ये आंबा संशोधन केंद्र म्हणून ती सुरू झाली. अंबिका आणि अरुणिका या आंब्याच्या जाती तिथल्या. कोकणात दापोलीचे कृषी विद्यापीठही १९७२ चेच. त्याच्या वेंगुर्ले केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ तयार झाली आणि १९८१ मध्ये शेतकऱ्यांकडे आली. हापूसला छळणारा साका तिच्यात होत नाही. दिल्लीला याच नीलमचा दशहरीशी संकर करून मल्लिका आणि आम्रपाली काढल्या गेल्या, म्हणजे कोकणच्या रत्नाचे आणि उत्तरेतल्या आम्रपालीचे नाते लागते. रत्नाचे कलम कुणाच्या परसात वाढले, कुणाची बाग तिच्यावर सावरली, हे कोणत्या रकान्यात भरायचे? शोधनिबंध मोजले जातात, त्यांचे उल्लेख मोजले जातात, पेटंटे मोजली जातात. शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन पोहोचलेले ज्ञान मोजायला यादीकडे फारशी जागा नाही. आंबा शिकायचा असेल तर आंब्यावर आयुष्य घालवलेली माणसे कुठे आहेत, हा पहिला प्रश्न हवा. त्याचे उत्तर कधी पहिल्या दहांत सापडेल, कधी यादीत नसलेल्या ठिकाणी.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग नावाला आणि क्रमांकाला विचारायचेच कशाला? असे म्हणणे मला पटत नाही आणि ते निर्दयपणाचेही वाटते. ज्याच्या मामाची कंपनी आहे, ज्याच्या काकांची ओळख आहे, त्याला पदवीवर कुणाचे नाव छापले आहे याने फार बिघडत नाही. ज्या मुलीच्या मागे कुणीच नाही, तिच्यासाठी विद्यापीठाचे नाव हीच ओळख असते. मुलाखतीला बसलेल्या साहेबाने ते नाव ऐकलेले नसेल तर पहिली पाच मिनिटे ती स्वतःविषयी बोलूच शकत नाही, विद्यापीठाविषयी खुलासा करत बसते. म्हणून वडिलांचा ‘नाव तरी ऐकलंय का कुणी?’ हा प्रश्न मागासलेला नाही. त्यात गरिबाचा अनुभव आहे. फक्त तो नीट विचारायला हवा. मोहल्ल्यात कुणी ऐकले आहे का, याने काही ठरत नाही. ही मुलगी पुढे ज्यांच्याकडे जाणार, ती संशोधन संस्था, ते बियाणे किंवा रोपे विकणारे, ती पदव्युत्तर प्रवेशाची समिती, त्यांना हे नाव माहीत आहे का? ते या पदवीला काय मानतात? कृषी शिक्षणात तर भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची अधिस्वीकृती आहे की नाही, हे क्रमांकाच्या आधी पाहायला हवे.

आणि वडिलांनी स्वतःलाही एक प्रश्न विचारावा, तो जास्त अवघड आहे. आपल्याला मुलीचे शिक्षण हवे आहे की लग्नाकार्यात सांगायला एक नाव? मला वाटते, बहुतेक घरांत दोन्ही हवे असते आणि त्यात शरम वाटण्यासारखे काही नाही. पण दोन्ही एकत्र मिळत नसतील तेव्हा कशाचा हात सोडायचा, हे आधी ठरलेले बरे. कारण त्या नावासाठी घेतलेल्या कर्जाचे हप्ते पुढे मुलीच्या पगारातून जातात.

तपासायचे कसे? एनआयआरएफमध्ये भाग घेणाऱ्या संस्थेने भरलेली माहिती खुली असते. प्रवेश किती झाले, त्यांतले ठरलेल्या मुदतीत किती उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी लागली, किती जण पुढे शिकायला गेले, पगाराचा मध्यांक किती, हे वर्षवार दिलेले असते. मध्यांक पाहावा, जाहिरातीतला सर्वांत मोठा पगार पाहू नये. तो एकाच मुलाचा असतो. शंभरात चाळीस मुले मुदतीत पदवी घेऊन बाहेर पडत नसतील तर क्रमांक कितीही वरचा असो, ते ठिकाण संशयास्पद समजावे. शिक्षकांच्या यादीत रुजू झाल्याच्या तारखा असतील तर त्याही वाचाव्यात. निम्मे शिक्षक अलीकडच्या काही महिन्यांत आलेले दिसले तर ते का, हे विचारण्याचा हक्क फी भरणाऱ्याला आहे.

प्रवेशाच्या दिवसांत आमच्या वर्तमानपत्रांची पाने ‘देशात पहिले’, ‘राज्यात अव्वल’ अशा जाहिरातींनी भरलेली असतात. कोणत्या यादीत, कोणत्या वर्षी, कोणत्या गटात, हे त्यांत बारीक अक्षरांत असते किंवा नसतेच. त्या पैशावर आम्हीही छापले जातो, म्हणून हे लिहिणे माझे कर्तव्य समजतो. औषधाच्या वेष्टनावर मुदत छापावी लागते, तसे क्रमांकाशेजारी यादीचे नाव, वर्ष आणि गट ठळक छापल्याशिवाय जाहिरात घेऊ नये, एवढे तरी संपादकांना करता येईल.

आणि शक्य असेल तर जाऊन यावे. प्रवासखर्च फीच्या मानाने काहीच नसतो. स्वागतकक्षात दाखवतात ते पाहून झाले की वसतिगृहाबाहेर चहाच्या टपरीवर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलामुलींशी बोलावे. पहिल्या वर्षाची मुले नवेपणाने कौतुक करतात. दुसऱ्या वर्षाला आलेल्यांना विचारावे, की गेल्या सत्रात कोणत्या विषयाला शिक्षकच नव्हता, प्रयोगशाळा किती वेळा उघडली, प्रश्न घेऊन केबिनच्या दारात उभे राहिले तर आत बोलावतात का. मलिहाबादच्या मुलीने फलोत्पादन विभागाच्या बागेतही जावे आणि तिथल्या माळ्याला विचारावे, की कलमे बांधायला विद्यार्थी स्वतः येतात का, की परीक्षेच्या दिवशी त्याने बांधलेलीच कलमे मोजून गुण देतात.